काटोलचा आकडा, काटोलची संख्या

काटोलमधल्या दुकानाची पाटी घ्या, लग्नाची पत्रिका घ्या, शाळेचा दाखला घ्या. गावाच्या नावाशेजारी ४४१३०२ हा आकडा असतोच. तो सांगायची एक रीत आहे. कुरिअरवाल्याला फोनवर पत्ता देताना कोणी म्हणतं, "चव्वेचाळीस, तेरा, शून्य दोन." कोणी अंक सुटे करून सांगतं, "चार चार एक, तीन शून्य दोन." "चार लाख एक्केचाळीस हजार तीनशे दोन" असं मात्र कोणीच म्हणत नाही. म्हटलंच तर पलीकडचा विचारेल, "कशाचे?"

त्याचा प्रश्न रास्त आहे. लाख, हजार, शे ही मोजलेल्या वस्तूंची भाषा. पिनकोडात काहीच मोजलेलं नसतं. लिहायला तेच सहा अंक, पण एकदा तो नुसता आकडा असतो आणि एकदा संख्या. हे दोन्ही शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. मतदारांचा आकडा काय आणि मतदारांची संख्या काय, ऐकणाऱ्याला एकच कळतं. दोघांची कुळं मात्र वेगळी आहेत. एखाद्या मोठ्या संख्येचे गुणधर्म पाहायचे तर आधी ही कुळं पाहून घ्यावीत, कारण पुढे त्यावरून बराच निवाडा व्हायचा आहे.

आधी आकडा. संस्कृतातला 'अंक' हा वाकलेल्या वस्तूचा शब्द आहे. वाक, बाक, वळण म्हणजे अंक. खाली बसल्यावर मांडी मोडून जी जागा होते तीही अंक. म्हणून मूल आईच्या अंकावर खेळतं. खुणेसाठी ओढलेली वाकडी रेघ तीही अंक. म्हणून 'अंकित' म्हणजे खूण केलेला, आणि ज्याच्यावर खूण तो दुसऱ्याच्या ताब्यातला, हा अर्थ त्यातूनच आला. हत्तीचा अंकुश याच घरातला. मराठीनं अंकाला 'डा' जोडून आकडा केला आणि जुना वाकडा अर्थ तसाच सांभाळला. कपडे अडकवायचा आकडा, चिंचा ओढायची आकडी, पीळ दिलेल्या आकडेबाज मिशा. तारेवर वायर अडकवून वीज चोरणं म्हणजे 'आकडा टाकणं'. आणि हिशेबाच्या वहीतला आकडाही तोच. आकडा अडकवतो. काटोल हे गाव टपालाच्या जाळ्यात ज्याला अडकवलेलं आहे तो ४४१३०२, या अर्थी तो अस्सल आकडा.

संख्या निराळ्या घरातली. 'सम्' आणि 'ख्या' मिळून हा शब्द झाला. 'ख्या' म्हणजे सांगणं, ओळख करून देणं. ख्याती, व्याख्या, आख्यान हे सगळे त्याच्याच गोतावळ्यातले शब्द. 'सम्'मुळे त्याला नीट, एकत्र, पूर्ण असा अर्थ येतो. संख्या म्हणजे नीट सांगणं, एकूण हिशेब देणं. तत्त्वं एकेक करून मोजणाऱ्या दर्शनाला सांख्य हे नाव पडलं तेही त्यामुळेच. कीर्तनकाराचं आख्यान आणि गणिताच्या तासाची संख्या एकाच धातूची लेकरं आहेत.

काटोलला आकडा मिळाला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी, साऱ्या देशाबरोबर. ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी, मराठी माणूस आणि संस्कृतात काव्यं-नाटकं लिहिणारा पंडित. अडचण नेमकी शब्दांचीच होती. पत्ते दहा लिप्यांत लिहिलेले, गावांची नावं एकसारखी, अक्षर लागता लागत नाही. विदर्भात अकोला, तेव्हाच्या नगर जिल्ह्यात अकोले. शेवटची मात्रा पुसट झाली की पत्र भलत्या टोकाला. आज अकोल्याचा ४४४००१ आणि अकोल्याचाच भाऊ वाटणाऱ्या अकोलेचा ४२२६०१ पाहिला की घोटाळा होत नाही.

पिनकोड डावीकडून वाचत जायचा असतो. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. ४० ते ४४ या जोड्या महाराष्ट्र-गोव्याच्या, त्यांतली ४४ विदर्भाची. ४४० म्हणजे नागपूर शहर. ४४१ म्हणजे शहराबाहेरचा नागपूर जिल्हा आणि भंडारा-गोंदियाकडचा मुलूख. उरलेले ३०२ काटोलच्या टपाल कचेरीचे. म्हणजे हा आकडा खरं तर दिशा सांगणारं वाक्य आहे. काटोलच्या पिनमध्ये नागपूरचा पिन मिळवून किंवा दोघांची सरासरी काढून काही हाती लागायचं नाही.

तरीही ४४१३०२ ही संख्या आहेच. तिला तसं उच्चारायचं तर पहिलाच मोठा शब्द येतो लाख. तो 'लक्ष'पासून आलेला, आणि लक्ष म्हणजेही खूण. नेम धरायची खूण ते लक्ष्य, ओळखायची खूण ते लक्षण, मनावर उमटून राहिलं ते लक्षात. शंभर हजारांनाही हाच शब्द लागला, त्यामुळे "इकडे लक्ष द्या" आणि "एक लक्ष रुपये फक्त" या दोन वाक्यांत मराठी एकाच शब्दावर भागवते. दागिन्यात भरायची लाख वेगळी. ती 'लाक्षा', लाक्षागृहातली. पूर्व विदर्भात लाखोळीच्या डाळीलाही लाख म्हणतात. पण देवाला लाख बेलपानं वाहायची ती लाखोली मात्र संख्येचीच. पुढे लोकांनी तीच लाखोली शिव्यांचीही वाहिली.

लाखाच्या पुढच्या शब्दांत तर गंमत जास्त आहे. कोटी म्हणजे टोक, धनुष्याचं टोक. टोकाची पायरी म्हणून 'उच्च कोटीचा', टोकाला गेलं म्हणून 'पराकोटी', वादातला टोकदार मुद्दा म्हणून कोटी, आणि मराठीत शब्दावर केलेली कोटीही. भूमितीत काटकोन त्रिकोणाच्या एका बाजूचं नाव कोटी, त्यावरून कोटिज्या आणि तिचं शाळकरी रूप कोज्या. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० च्या सुमाराला, दहादहापटींची अठरा नावं ओळीनं येतात: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. यांतली बरीचशी नावं मुळात मोजमापाची नव्हेत. अर्बुद म्हणजे गाठ; वैद्यकात आजही तो शब्द त्याच अर्थानं आहे. अब्ज आणि पद्म म्हणजे कमळ. खर्व म्हणजे खुजा. शंकू म्हणजे खुंटी. जलधी म्हणजे समुद्र. गणिताला शब्द कमी पडले तेव्हा ते तळ्यावर आणि समुद्रावर गेलं.

यांतले आज किती जिवंत आहेत? अयुत-प्रयुत गेले. खर्व-निखर्व पाठांतरापुरते उरले. अर्थसंकल्पाच्या बातमीत 'लाख कोटी' छापतात, ते भास्कराचार्यांच्या हिशेबानं महापद्म; पण महापद्म रुपये म्हटलं तर वाचकाला पूजेचं काही वाटेल. परार्ध हा शब्द पूजेतच टिकला. सत्यनारायणाला भटजी संकल्प सांगतात त्यात 'द्वितीय परार्ध' येतो. तिथे तो दहाच्या घाताचा नाही. ब्रह्मदेवाच्या शंभर वर्षांतला दुसरा अर्धा भाग. शब्द तोच, मोजमाप निराळं.

अब्ज मात्र चांगला तगला, आणि काटोलशी त्याचं नातंही आहे. २२ मे २०१२ रोजी काटोल परिसरात उल्का पडली. उल्केला ती जिथे सापडते त्या ठिकाणाचं नाव द्यायचा आंतरराष्ट्रीय रिवाज आहे, म्हणून जगभरातल्या याद्यांत ती 'काटोल' या नावानंच नोंदली आहे. या जातीच्या दगडांचं वय साडेचार अब्ज वर्षांच्या घरातलं. गावाचं नाव असं दगडाला चिकटतं तसं संख्यांच्या जातींनाही चिकटतं. ते पुढे येईल.

आता गुणधर्म. या शब्दाच्या पोटात शिरलं की आपण थेट गुणाकाराच्या दारात उभे राहतो. गुण म्हणजे मुळात दोरीचा पेड. धनुष्याच्या दोरीलाही गुणच म्हणत. दोन पेड घातले की द्विगुण, तीन घातले की त्रिगुण. पेड वाढवत जाण्याच्या या कामावरून गुणणं आणि गुणाकार आले. सांख्यांचे सत्त्व-रज-तम हे तीन गुणही जगाच्या दोरीचे तीन पेडच. त्यातूनच पुढे गुण म्हणजे स्वभाव, गुण म्हणजे चांगली बाजू, गुण म्हणजे परीक्षेतले मार्क, आणि औषधाचा गुण येतो तोही. तेव्हा संख्येचा गुण कुठे शोधायचा, याचं उत्तर शब्दच देतो: ती कोणत्या संख्यांच्या गुणाकारातून वळली आहे ते पाहायचं.

याला शाळेत म्हणतात अवयव पाडणं. अवयव म्हणजे शरीराचे भाग, हातपाय. ज्या संख्येचे आणखी अवयव पडत नाहीत ती मूळ संख्या. आपल्याकडे नवीन माणूस भेटला की "मूळचे कुठले?" असं विचारतात, तोच हा मूळ. ४४१३०२ मूळची कुठली, ते पाहू.

शेवटी २ आहे, म्हणजे संख्या सम. दोननं भागली की उरते २२०६५१. आता ३. अंकांची बेरीज १६, भाग जात नाही. ७ घेतला तर २२०६४७ पर्यंत जातो, बाकी ४. ११ जात नाही. १३ ला बाकी २. १७ ला ८, १९ ला ४, २३ ला १२. असं एकेक मूळ संख्या लावून पाहत जायचं. किती पुढे जायचं याला मर्यादा आहे: २२०६५१ चं वर्गमूळ ४६९ आणि ४७० च्या मध्ये पडतं, तिथपर्यंत कोणी सापडला नाही तर ही संख्या स्वतःच मूळ. शंभरापर्यंतच्या सगळ्या संपतात, दोनशेपर्यंतच्या संपतात. २२७ ला बाकी ७ उरते, २२९ ला १२४. तीनपासून इथवर एकोणपन्नास मूळ संख्यांनी नकार दिलेला असतो. मग येतो २३३. भागाकार ९४७, बाकी शून्य. ९४७ ला आणखी फोडता येत नाही. म्हणून

४४१३०२ = २ × २३३ × ९४७.

तिपेडी वेणी. हे तीन पेड सोडून काटोलच्या संख्येला चौथा पेड नाही, आणि दुसऱ्या कोणत्याही मूळ संख्यांच्या गुणाकारातून ती तयार होणार नाही. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, ही गोष्ट कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८०१ मध्ये नीट मांडून सिद्ध केली. तिची बीजं युक्लिडपासूनची.

मधला पेड २३३ ओळखीचा आहे. १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९, १४४, २३३. मागच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा. जग हिला फिबोनाचीची माळ म्हणतं. पण फिबोनाचीच्या आधी विरहांक आणि बाराव्या शतकात गुजरातेतले हेमचंद्र यांनी ती छंदशास्त्रात मांडली होती. प्रश्न असा: लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, तर ठरावीक मात्रांची ओळ किती तऱ्हांनी रचता येईल? एका मात्रेची एक तऱ्हा, दोन मात्रांच्या दोन, तिनाच्या तीन, चाराच्या पाच. बारा मात्रांच्या ओळीच्या २३३. संस्कृत वृत्तांत मुरलेल्या वेलणकरांनी आखलेल्या पद्धतीतून आलेल्या या आकड्यात छंदशास्त्राची एक संख्या निघावी, हा निव्वळ योगायोग. पण त्यांना तो आवडला असता असं वाटतं.

सहा अंकी संख्येचे अवयव कागद-पेन्सिलनं पडतात. अंक वाढले की हेच साधं काम जगातल्या अवघड कामांत मोडतं. १९७७ सालच्या आरएसए या सांकेतिक पद्धतीचा सगळा भरवसा त्याच अवघडपणावर आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार उघड सांगून टाकायचा. तो फोडून पेड वेगळे करणं कोणाला जमत नाही तोवर गुपित सुरक्षित. आव्हान म्हणून जाहीर केलेली २५० अंकी संख्या २०२० मध्ये संगणकांच्या ताफ्यानं फोडली. त्याच यादीतली ६१७ अंकी संख्या अजून कोणाला फुटलेली नाही.

इथवरचे गुण संख्येचे झाले. आता आकड्याचे. त्यासाठी काटोलहून नाशिकजवळच्या देवळालीला जावं लागेल. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालचा, डहाणूचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. आणि १९३० पासून १९६२ पर्यंत नोकरी देवळालीच्या शाळेत, मास्तर म्हणून. गणितातली मोठी पदवी नाही, विद्यापीठाची खुर्ची नाही. पुस्तिका बहुतेक स्वखर्चानं छापलेल्या. जगाचं लक्ष गेलं ते मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ च्या 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा.

कापरेकर नावं ठेवण्यात पटाईत होते, आणि शब्दांच्या अभ्यासकाला ते आवडतात ते त्यामुळे. मुंबईहून तीसेक मैलांवरच्या डेम्लो नावाच्या स्टेशनावर त्यांना एक कल्पना सुचली, तर त्या जातीच्या संख्या झाल्या 'डेम्लो'. हे स्टेशन म्हणजे आजचं डोंबिवली. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१, चढून पुन्हा उतरणाऱ्या या संख्या त्या कुळातल्या. अंकांच्या बेरजेनं जिला निःशेष भाग जातो ती 'हर्षद', हर्ष देणारी. याच संख्यांना नंतर पश्चिमेत आयव्हन निव्हेन यांच्या नावानं ओळखू लागले. हर्षद हे नावही टिकून आहे. काटोलला हा मान नाही. ४, ४, १, ३, ०, २ मिळून १४ होतात आणि ४४१३०२ ला १४ नं भागलं की ८ बाकी राहते. दोन पावलं मागची ४४१३०० मात्र हर्षद आहे: अंकांची बेरीज १२, भागाकार ३६७७५. नागपूरच्या मुख्य टपाल कचेरीचा ४४०००१ सुद्धा हर्षद. बेरीज ९, भागाकार ४८८८९.

त्यांचा सर्वांत सुंदर शब्द 'स्वयंभू'. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २१ मध्ये ३ मिळवले की २४. म्हणजे २१ ही २४ ची जनक. असं करत गेलं की काही संख्या अशा सापडतात ज्यांना जनकच नाही: १, ३, ५, ७, ९, मग २०, ३१, ४२, ५३. देवळात जसा स्वयंभू महादेव, कोणी घडवलेला नाही आणि बसवलेला नाही, तशा या स्वयंभू संख्या. १९७४ मध्ये कोलंबियातल्या बर्नार्दो रेकामान यांनी हाच प्रश्न स्वतंत्रपणे मांडला, म्हणून काही जण त्यांना कोलंबियन संख्या म्हणतात. आणखी एक नाव रूढ आहे, देवळाली संख्या. गंमत अशी की देवळाली कॅम्पचा पिन, ४२२४०१, स्वतः देवळाली संख्या नाही. त्याची जनक ४२२३८१.

काटोलची वंशावळ काढून पाहावी. ४४१३०२ चे वडील ४४१२७७, कारण त्यांच्या अंकांची बेरीज २५. आजोबा ४४१२६०, बेरीज १७. पणजोबा ४४१२३८, बेरीज २२. खापरपणजोबा ४४१२१८, बेरीज २०. त्यांच्या मागे कोण? जनक असायचा तर तो ४४११ किंवा ४४१२ नं सुरू व्हायला हवा. ४४११ असेल, तर पुढच्या दोन अंकांतल्या पहिल्याची अकरापट आणि दुसऱ्याची दुप्पट मिळून १०८ झाली पाहिजे. पहिला ९ घेतला तर ९ उरतात, ती कशाचीच दुप्पट नाही. ८ घेतला तर दुसरा अंक दहा हवा, आणि दहा हा अंक नाही. ४४१२ असेल तर हीच बेरीज ७ हवी, तीही जमत नाही. म्हणजे ४४१२१८ ला जनक नाही. काटोलच्या घराण्याचा मूळपुरुष पाचव्या पिढीवरच सापडतो, आणि तो स्वयंभू निघतो.

कापरेकरांचं नाव ज्यानं गाजलं तो आकडा ६१७४. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नसलेली. अंक उतरत्या क्रमानं लिहा, त्यातून चढत्या क्रमाची वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतो आणि मग तिथेच थांबतो. वजाबाकी हा शब्द दोन्ही पायांनी अरबी, वजाही अरबी आणि बाकीही. कापरेकरांनी मात्र त्यातून देवळालीचा आकडा काढला. सहा अंकांना हे लावलं तर निकाल एक राहत नाही. ५४९९४५ आणि ६३१७६४ हे दोन मुक्काम आहेत, आणि तिसरीकडे सात संख्यांचं एक रिंगण आहे. काटोल कुठे जातं? ४४३२१० वजा ०१२३४४ म्हणजे ४३०८६६. त्यातून ८३१७६२, मग ७५२६४३, ५३०८६५, ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४, आणि बाराव्या पायरीला ८५१७४२. इथून रिंगण सुरू: ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६, आणि परत ८५१७४२. काटोलला थांबायचं ठिकाण नाही, फेरे आहेत.

आता निवाडा. हे सगळं पाहून एखादा कसलेला गणिती नाक मुरडेल, आणि मुरडलंही आहे. जी. एच. हार्डी यांनी १९४० मधल्या आपल्या 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' या पुस्तकात असल्या अंकांच्या खेळांना गणितात जागा नाही असं बजावलं. उदाहरण दिलं ८७१२ आणि ९८०१ यांचं. उलट लिहिलेल्या स्वतःच्या पटीत असणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच, आणि गणित्याला यात काही रस वाटू नये, असं त्यांचं मत. कापरेकरांना देशातही बराच काळ याच कारणानं बाजूला ठेवलं गेलं.

हार्डींचा मुद्दा काय होता, तो आपल्या दोन शब्दांत चटकन मावतो. आपण दहादहांनी मोजतो म्हणून ४४१३०२ असं लिहितो. डझनांनी मोजणारं जग असतं, बारा चिन्हांचं, तर हीच संख्या १९३४७२ अशी लिहिली असती. अंकांची बेरीज १४ ची २६ झाली असती. वडील-आजोबा बदलले असते, हर्षदांची यादी बदलली असती, ६१७४ चा महिमा राहिला नसता. २ × २३३ × ९४७ मात्र हललं नसतं. ते अवयव कशाही चिन्हांनी लिहा, पेड तेच. पहिल्या प्रकारचे गुण आकड्याचे आहेत, लिहिण्याच्या वळणाचे, म्हणजे शब्दशः अंकाचे. दुसऱ्या प्रकारचे संख्येचे, जे नीट सांगितले तरच कळतात.

यावरून पहिले खोटे ठरत नाहीत. आपण दहानीच लिहितो ही वस्तुस्थिती आहे, आणि तिच्या पोटात काय दडलं आहे हे विचारणं गैर नाही. कापरेकरांनी आपल्या शोधांवर विश्वाचं रहस्य असा शिक्का मारला नाही. स्टेशनाचं नाव दिलं, आनंद देणारी म्हणून हर्षद म्हटलं. मोठेपणाचा आव या नावांत नाही, आणि त्या नावांखाली आजही जगभरात लोक नव्या संख्या तपासतात.

शाळेच्या गणिताच्या पुस्तकात एक शब्दप्रयोग असतो: 'सहा अंकी संख्या'. मुलं तो घोकतात, मास्तर पुढे सरकतात. त्या तीन शब्दांत दोन्ही घरं शेजारी नांदतात. 'अंकी'च्या घरात कापरेकर राहिले, 'संख्या'च्या घरात गाउस, आणि काटोलच्या टपाल कचेरीचा पत्ता दोघांच्याही वहीत सापडतो.